केदारनाथच्या शालीला दोन रंग कसे झाले

सोलापूर, १७ एप्रिल, भर दुपार

ती. अक्कास,

धाकट्या सोमूचा तुझ्या पायाशी शरणु, आणि दाजींनाही.

वि. वि. तुझी तब्येत कशी आहे? दाजींचा गुडघा त्यांना दुकानाच्या दोन पायऱ्या चढू देतो, की अजून दुकानातल्या पोराच्या, बसूच्या खांद्यावर हात टाकूनच चढावं लागतं? दुधनीत उन्हाळा कसा आहे, असं विचारत नाही, कारण तो इथल्यासारखाच असणार, उगाच कशाला शाई घालवा. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. मजेत म्हणजे एकमेकांशी बोलतो आहोत. (मधे चार दिवस बोलत नव्हतो, ते पुढं येईलच.) तू म्हणशील, घराघरात फोन असताना ह्याला पत्राची हौस कुठून आली? तर अक्का, फोनवर तुला ऐकू जावं म्हणून मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडलो की राजेश्वरीलाच काय, समोरच्या गिरणीत दळण घेऊन उभ्या असलेल्या बायकांनाही आमच्या घरातलं सगळं समजतं. पत्र कसं गुपचूप लिहिता येतं. ती आत झोपली आहे तोवर लिहून घेतो.

पहिली गोष्ट म्हणजे, तू सहा मेला केदारनाथला निघशील तेव्हा तुझ्या खांद्यावर आमच्याकडची एक शाल असणार आहे. हे तुला कळू द्यायचं नव्हतं. तेव्हा आत्ता वाचलंस ते विसर, आणि शाल हातात पडली की 'अय्यो, हे काय गं!' असं मनापासून म्हण. तुला नाटक जमत नाही हे मला ठाऊक आहे (माझ्या दहावीच्या निकालाला तू माहेरी आली होतीस, तेव्हा अप्पांपुढं तुझा चेहरा बघूनच मी मार खाल्ला होता), पण थोडा सराव कर. आरशापुढं केलास तरी चालेल.

ही शाल विकतची नाही. राजेश्वरी स्वतः विणते आहे, दोन सुयांवर. आता सोलापुरात जन्म घालवलेल्या माणसाला विणकाम म्हणजे माग, धोटा, खडखडाट हे माहीत. इथं बाई खुर्चीत बसून हातानं विणते आणि आवाज काय, तर टुक-टुक. हे सगळं तिनं फोनवर एका गोऱ्या म्हातारीचं बघून उचललं. म्हातारी काय बोलते ते हिला कळत नाही, हिचं काय चुकतं ते म्हातारीला दिसत नाही, तरी दोघींचं मस्त जमलं आहे. त्यातही साधी शाल नाही, जाळीची. जाळीची शाल म्हणजे शाल कमी आणि भोकं जास्त. मी म्हटलं, केदारनाथला बर्फाचा वारा असतो, तिथं अक्काला भोकं पांघरायला देणार का? तर म्हणाली, जाळीत हवा अडकते आणि ऊब राहते, तुम्हाला सुतातलं कळतं, लोकरीतलं नाही. (हे वाक्य मी तेव्हा मनावर घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.) बाहेर बेचाळीस डिग्री, डोक्यावर पंखा गरम हवा ओततोय, आणि ही डोक्यावर ओला नॅपकिन ठेवून मांडीवर लोकर घेऊन बसलेली. पोस्टमन बघून गेला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं मला हळूच विचारलं, वैनींची तब्येत बरी आहे ना.

तर मुद्द्यावर येतो. शाल विणायची ठरल्यावर राजेश्वरी मला म्हणाली, "रंग तुम्ही ठरवा. अक्कांना काय शोभेल ते तुमच्याइतकं कुणाला कळणार?" अक्का, अडतीस वर्षांच्या संसारात ह्या बाईनं मला रंग विचारला तो हा पहिल्यांदा. कारखान्याच्या रंगखात्यात मी चौतीस वर्षं काढली. चादरीचा लाल असो, टॉवेलचा पिवळा असो, माझ्या 'ओके'शिवाय एक लडी खात्याबाहेर पडत नव्हती. मालकसुद्धा नमुना हातात धरून माझ्याकडे बघायचे. आणि घरात? घरात मला कुणी चहाचा रंग विचारला नाही. त्यामुळे त्या दिवशी माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं गेलं. म्हटलं, सोमशेखर, आता चुकायचं नाही. सगळ्या नोकरीची अब्रू ह्या एका शालीवर आहे.

अकरा दिवस मी दुसरा विचार केला नाही. पांढरा? बर्फात तू सापडायची नाहीस. भगवा? सगळी यात्रा भगवी, तुझ्या ग्रुपमधली प्रत्येक बाई अक्का वाटणार आणि आमची अक्का कुठल्यातरी भलत्याच बसमध्ये चढणार. लाल तुला आवडत नाही, काळा देवाला जाताना नको, गुलाबी म्हटला तर दाजी महिनाभर हसतील. शेवटी मला आठवलं, तुझ्या लग्नात अव्वानं तुला पाठवणीच्या वेळी मोरपंखी इरकल नेसवलं होतं. मी नऊ वर्षांचा होतो. तू बैलगाडीत बसलीस, आणि गाडी वळेपर्यंत मला तेवढा रंग दिसत होता, तुझं तोंड काही दिसत नव्हतं. (मी रडत होतो म्हणून दिसत नव्हतं, पण तेव्हा मी धूळ गेली असं सगळ्यांना सांगितलं.) तेव्हा मोरपंखीच, असं ठरवून टाकलं. राजेश्वरीनं ऐकून मान डोलवली आणि डोळे पुसले. अशी दाद मला कारखान्यातही कधी मिळाली नव्हती.

लोकर आणली जुलेखाआपाच्या दुकानातून. विजापूर वेशीकडे तिचं छोटंसं दुकान आहे, लोकर, सुया, क्रोशाचे दोरे, सगळं मिळतं. मी मोरपंखी मागितला, तिनं मोरपंखी दिला. बारा गुंडे, केसाएवढी बारीक लोकर, हातात धरली तर मांजराचं पिल्लू धरल्यासारखं वाटावं. इथवर सगळं सुरळीत होतं. इथंच मी हात जोडून बाजूला झालो असतो तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

पण अक्का, रंगाऱ्याच्या मनात एकच किडा असतो: रंग पक्का आहे का? दुकानातला रंग डोळे झाकून घेणं माझ्या रक्तात नाही. केदारनाथला पाऊस लागला, शालीचा रंग सुटला आणि तू देवापुढं मोरपंखी मान घेऊन उभी राहिलीस तर? तर गुरुवारी राजेश्वरी भजनाला गेली. मी दोन गुंडे घेतले, तिचं बासुंदीचं पातेलं घेतलं, पाणी, मूठभर धुण्याचा सोडा, थोडा साबण, वर पांढऱ्या कापडाचा तुकडा, आणि दिलं गॅसवर खळखळ उकळायला. आमच्या खात्यात सुती धागा अर्धा तास उकळतो, तो काय म्हणतो? काहीच म्हणत नाही. रंग पक्का असला तर कापड पांढरं राहतं, कच्चा असला तर कापडावर उतरतो. अर्ध्या तासानं झाकण काढलं. कापड पांढरं शुभ्र! मी एकटाच स्वयंपाकघरात टाळी वाजवली. मग चिमट्यानं गुंडे उचलले. गुंडे कुठले, दोन्ही मिळून एक आवळून आलेला, निबर, केसाळ लाडू झाला होता. धाग्याचं टोक शोधायला लागलो तर टोक नाही, धागाच नाही. लोकर सुतासारखी उकळायची नसते, हे मला सहासष्टाव्या वर्षी बासुंदीच्या पातेल्यात कळलं. रंग पक्का निघाला, लोकर नासली.

मी तो लाडू मोरीत बादलीमागं लपवला. (फेकायला हवा होता, पण फेकायला गेलो तर समोर गिरणीतल्या बायका.) दुसऱ्या दिवशी बजाबाई भांड्याला आली, तिनं तो बाहेर काढला आणि त्यानं दुधाची जळकी कढई घासली. कढई चकचकीत! मग बाहेर येऊन राजेश्वरीला म्हणते, "वैनी, ही मोराच्या रंगाची घासणी कुटं मिळाली वो? लई झकास हाय, अजून एक आणा की." राजेश्वरीनं घासणीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग लोकरीची पिशवी उघडून गुंडे मोजले. त्यानंतरचे चार दिवस आमच्या घरात फक्त टुक-टुक हाच आवाज होता.

पाचव्या दिवशी मी म्हटलं, झालं ते झालं, मी तसेच दोन गुंडे आणतो, तंतोतंत तोच रंग. ती म्हणाली (चार दिवसांतलं पहिलं वाक्य), लेबलवरचा नंबर घेऊन जा. अक्का, तू सांग, नंबर बघून रंग घेणारा मी? ज्यानं चौतीस वर्षं शेड डोळ्यात ठेवून जुळवली, त्यानं आता किराणा आणल्यासारखी चिठ्ठी न्यायची? मी तसाच गेलो. नमुन्याला तुकडासुद्धा नेला नाही. आपाच्या फळीवरून स्वतः दोन गुंडे निवडले. आपा म्हणाली, "मास्टरसाब, ये मोरपंखी नै, नीला है." मी हसलो. तिला गुंड्यासकट दुकानाबाहेर उन्हात आणलं आणि समजावून सांगितलं की ट्यूबलाइटखाली रंग बघायचा नसतो, ट्यूबलाइट खोटं बोलते, रंग बघायचा तो उन्हात. ती डोक्यावर ओढणी घेऊन उन्हात उभी राहिली, गुंड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ठीक है मास्टरसाब, आप बोले तो वैच्च. मी विजयी मुद्रेनं घरी आलो. राजेश्वरीनं पिशवीत डोकावून विचारलं, हाच का? मी म्हटलं, हाच.

ती विणत राहिली. उरलेल्या दहा गुंड्यांची शाल विणून झाली तेव्हा नवे गुंडे लागले. त्यातली वीतभर विणून तिनं शाल माझ्या मांडीवर आणून पसरली आणि म्हणाली, बघा बरं, काही फरक दिसतो का. मी उजेडात धरून बघितली, उलटी करून बघितली, म्हटलं, काम एकसारखं आहे, शाबास. ती आत गेली. तेवढ्यात आला संगप्पा. तुला आठवतो ना, एकवीस वर्षं माझ्या हाताखाली होता, तो? आता तोच तिथं रंगमास्तर आहे. मळ्यातली कलिंगडं घेऊन आला होता. मी म्हटलं, अरे ये, तू जाणता माणूस, बघ ही शाल. संगप्पानं बघितलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मास्तर, खालचं निळं हाय की वो." मी म्हटलं, निळं कुठं? तो म्हणाला, "हितनं खाली. दौतीतल्या शाईवानी." आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो, आणि तो कलिंगड कापायला सुरी मागायला लागला.

मी त्याला सोडलं नाही. खोदून खोदून विचारलं तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "मास्तर, रागावू नका. शेवटची दोन वर्सं निळ्याचं माप मीच कमी करत हुतो. तुमी जादा लिहायचा. तुमाला कोण सांगणार?" दोन वर्षं! मी रुबाबात कागदावर माप लिहून द्यायचो, आणि हा मागं जाऊन गुपचूप दुरुस्त करायचा, आणि निरोप समारंभात सगळ्यांनी माझ्या नजरेवर भाषणं केली. अक्का, मी त्याच्यावर ओरडलो. मग आत जाऊन तोंड धुतलं. परत आलो, परत गेलो, परत धुतलं. मला लई वाईट वाटलं गं. आणि वाईट वाटता वाटता असंही वाटलं की ह्या माणसानं दोन वर्षं माझी अब्रू पदराखाली घेतली आणि कधी चकार शब्द काढला नाही. मग आम्ही तिघांनी कलिंगड खाल्लं. लाल होतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी राजेश्वरी मला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई वयानं आमच्या पोराएवढी, राजशेखरएवढी. तिनं माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलाय, पाच-सहा वर्षं तरी असणार. भिंग पिवळं पडलंय, म्हणून तुम्हाला निळं हिरवट दिसतं आणि फिकट जांभळं पांढरं दिसतं. मी म्हटलं, डॉक्टर, मी रंगमास्तर आहे. ती म्हणाली, म्हणूनच तुम्हाला कळलं नाही, तुम्ही डोळ्यानं बघतच नव्हता, आठवणीनं रंग भरत होता. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन सत्तावीस तारखेला सोमवारी ठरलं आहे, डाव्याचं नंतर.

शाल उसवून दुसरी लोकर लावू या, असं मी स्वतःहून म्हटलं. राजेश्वरी म्हणाली, एवढी बारीक जाळी उसवली तर गुंता होईल, आणि दिवस कुठं आहेत. तेव्हा वरती मोरपंखी आणि खाली वीतभर शाईनिळी अशी शाल तुझ्याकडे येईल. मला ती अजून एकाच रंगाची दिसते, आणि एका रंगाची म्हणून ती फार देखणी आहे. बाकी क्षेम. पोराबाळांना आशीर्वाद, दाजींच्या गुडघ्याला तिळाचं तेल लावत जा.

तुझा,
सोमू

ता. क. शाल हातात आली की राजेश्वरीसमोर एवढंच म्हण की खालचा निळा काठ मुद्दाम घातलाय ना, फार शोभतो. 'सोमूच्या नजरेला तोड नाही' असं जोडलंस तर उत्तम, पण तुझा चेहरा बघता ते राहू दे.

ता. क. दुसरा. तू गेल्या दिवाळीत चार दिवस आमच्याकडे राहिलीस. आमच्या घराच्या भिंतींचा रंग खरा कुठला आहे, ते कळव. तीन वर्षांमागं मीच, कुणी न विचारता, मोतिया पांढरा म्हणून निवडला होता. काल राजेश्वरीला विचारलं तर म्हणाली, तुम्ही निवडलेला. संगप्पाला विचारलं तर त्यानं कलिंगडाच्या भावाचा विषय काढला. तू खरं सांगशील. मला ऑपरेशनच्या आधी कळलेलं बरं.

ता. क. तिसरा, आणि हे पत्र लिहायला बसलो ते खरं ह्यासाठीच. अक्का, सत्तावीसला येशील का? सुईची मला भीती नाही. डोळा स्वच्छ झाल्यावर काय काय चुकलेलं दिसेल, त्याची भीती वाटते. राजेश्वरीपुढं मी असं बोलू शकत नाही, ती मला अजून मास्तर समजते. तू नुसती बाहेर बाकावर बस. तू लहानपणी मला दवाखान्यात नेताना जसं दटावायचीस, तसं एकदा दटाव, म्हणजे मी मुकाट्यानं आत जाईन. पत्र मिळताच उत्तर दे, फोन नको.

ती. अक्कांना राजेश्वरीचा शरणु. पाकीट चिकटवायला ह्यांना डिंक सापडेना, म्हणून माझ्याकडे दिलं. सगळं वाचलं, ह्यांना सांगू नका. मी झोपले नव्हते. तुम्ही नक्की या. काठ मुद्दाम घातलाय असंच म्हणा, कारण तो मी मुद्दामच ठेवलाय. निळे गुंडे बघितल्याबरोबर मला कळलं होतं, पण दोन्ही रंग शेजारीशेजारी विणून दाखवले तर ह्यांचं ह्यांनाच दिसेल असं वाटलं. दिसलं नाही तेव्हा मी आत जाऊन खूप रडले. आता ती वीतभर लोकर मी कुणालाही उसवू देणार नाही. भिंती फिकट जांभळ्या आहेत, तेही सांगू नका, स्वतः बघू देत. भिंती रंगवणाऱ्याला मीच म्हटलं होतं, साहेब म्हणतात तोच लाव.

पण अक्का, मला वेगळंच विचारायचं होतं. अठ्ठावीसला सकाळी पट्टी काढतात, तेव्हा समोर मी उभी असणार. सहा वर्षांत माझ्या गालांवर वांग आलेत, डोळ्यांखाली सुरकुत्या आल्यात, केस तर विचारू नका. हे परवाच म्हणाले, तू अजून लग्नातल्यासारखीच दिसतेस. मी सहा वर्षं ते खरं मानत आले हो. त्या दिवशी कुठल्या रंगाची साडी नेसू, तेवढं कळवा. ह्यांनाच विचारलं असतं, पण ह्यांना आत्ता विचारून उपयोग नाही, आणि नंतर विचारायचा मला धीर नाही.